गट पाडायचे, पण सुरुवात कुठून?

मागच्या भागात आपण के-मीन्स पाहिले. तीन गट हवेत तर तीन केंद्रे अंदाजाने ठेवायची, प्रत्येक नोंद जवळच्या केंद्राला जोडायची, मग गटाची सरासरी काढून केंद्र तिथे सरकवायचे. सरकणे थांबेपर्यंत हेच. काम झटपट होते, पण सुरुवातीची केंद्रे भलत्या जागी पडली तर उत्तरही फसते. धुक्यात डोंगर उतरणारा माणूस पहिल्याच खळग्याला दरीचा तळ समजतो, तसे.

मग एकाऐवजी पन्नास तुकड्या वेगवेगळ्या जागांवरून उतरवा. तुम्ही म्हणाल, के-मीन्सच पन्नासदा चालवू की! चालवा, लहान कामाला तेवढे पुरते. पण त्यात एका तुकडीला सापडलेली वाट दुसरीला कळत नाही. जॉन हॉलंड यांनी १९७५च्या पुस्तकात मांडलेल्या जनुकीय अल्गोरिदममध्ये ती कळते.

आयरिसच्या फुलांची प्रसिद्ध माहिती घ्या. एडगर अँडरसन यांनी मोजलेली ही फुले रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली वापरली. तीन जाती, प्रत्येकी ५० फुले, प्रत्येक फुलाची चार मापे. तीन केंद्रे गुणिले चार मापे, म्हणजे बारा आकड्यांची एक माळ. हे झाले गुणसूत्र. फुलांची आपापल्या केंद्रापासूनच्या अंतरांची बेरीज जितकी कमी, तितकी माळ सशक्त. सशक्त माळांना जास्त संधी द्यायची, दोन माळा एकाच जागी तोडून शेपट्या बदलायच्या, आणि क्वचित एखादा आकडा किंचित हलवायचा. एका माळेत एक केंद्र अचूक बसलेले असते, दुसरीत उरलेली दोन. अपत्यात तिन्ही एकत्र येऊ शकतात. उज्ज्वल मौलिक आणि संघमित्रा बंदोपाध्याय यांनी २००० साली अशीच मांडणी प्रसिद्ध केली. संघमित्राताई पुढे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संचालक झाल्या.

आता जरा थांबा. ग्राहकांचे, रुग्णांचे गट असेच पाडून त्यावर निर्णय घेतले जातात, म्हणून हे सांगतो. आयरिसमध्ये अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान करणारी विभागणी घेतली, तर गट पडतात ५०, ६२ आणि ३८ फुलांचे. सेटोसा पूर्ण वेगळी निघते. व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका यांची मापे मात्र एकमेकांत मिसळलेली आहेत, त्यामुळे १६ फुले परक्या गटात जातात. आणखी हजार पिढ्या चालवल्या तरी ती परतत नाहीत, कारण आपण दिलेल्या कसोटीनुसार हेच सर्वांत चांगले उत्तर असते.