मतदारयादीत नसलेल्या ताई

नृसिंहवाडीच्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गाणी, रंग आणि आकडे शिकवणाऱ्या ताईंना विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला अक्षर गिरवून घेणाऱ्या गुरुजींनाही नाही. संविधानाच्या कलम १७१ नुसार हे मत माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांत किमान तीन वर्षं शिकवणाऱ्यांना मिळतं. आपला पुणे शिक्षक मतदारसंघ पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांचा आहे. २०२० साली इथून कोल्हापूरचे जयंत आसगावकर निवडून आले. पदवीधरांचा मतदारसंघ वेगळा. म्हणजे शिक्षणाच्या वरच्या पायऱ्यांना वरच्या सभागृहात आपली हक्काची माणसं आहेत, खालच्या पायऱ्यांना नाहीत.

याचा परिणाम सभागृहातल्या चर्चेवर होतो. विनाअनुदानित शाळांच्या अनुदानाचे टप्पे, जुनी पेन्शन, प्राध्यापक भरती हे विषय अधिवेशनामागून अधिवेशनं गाजतात. त्या मागण्या रास्तच आहेत. पण अंगणवाडी सेविकांना आपलं गाऱ्हाणं रस्त्यावर मांडावं लागतं. डिसेंबर २०२३ मध्ये त्या राज्यभर बेमुदत संपावर गेल्या आणि जानेवारी उजाडला तरी संप चालूच होता. त्यांना मिळतं ते ‘मानधन’, पगार नव्हे. नृसिंहवाडी शिरोळ तालुक्यात येते, म्हणून इथल्या बालवयाची बाजू सभागृहात मांडायची असेल तर ती शिरोळच्या आमदारालाच मांडावी लागेल. म्हणून बालवाडीपासून महाविद्यालयापर्यंतच्या कामांचा क्रम त्याने कसा लावावा, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो. माझं उत्तर असं: सुरुवात खालून करावी, आणि दरवर्षी लागणाऱ्या पैशाची सोय आधी लावावी.

या विचाराला कोल्हापूरच्या मातीत जुना आधार आहे. कागल आणि कोल्हापुरात शिकलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते वाचताना त्यांची सावध आखणी जाणवते. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपासून सुरुवात, सक्ती लागू करायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला, आणि खर्चाची विभागणी अशी की दोन वाटे सरकारचे, एक वाटा स्थानिक संस्थेचा. पैसा कुठून येणार, हे त्यांनी विधेयकासोबतच मांडलं होतं. तरीही मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. सरकारी सभासदांचं बहुमत होतं, आणि काही हिंदी सभासदही विरोधात गेले.

पाच वर्षांनी, १९१७ साली, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. पण दंडापेक्षा महत्त्वाची होती ती दरबारने केलेली खर्चाची तरतूद. महाराजांनी वरचं टोकही सोडलं नव्हतं. १९०१ पासून कोल्हापूर शहरात निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगं उभी राहिली, ती खेड्यातून शिकायला येणाऱ्या पोरांसाठी. खाली गावात शाळा आणि वर शहरात राहण्याची सोय, अशी ती रचना होती.

आजचा कायदा या दोन टोकांच्या मध्येच अडकलेला आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण त्याचा हक्क सहा ते चौदा वयापुरता. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला, मात्र धोरण म्हणजे हक्क नव्हे. शिवाय एकाच मुलाचं शिक्षण मंत्रालयात तीन ठिकाणी विभागलेलं आहे: अंगणवाडी महिला व बालविकासकडे, शाळा शालेय शिक्षणाकडे, महाविद्यालय उच्च व तंत्रशिक्षणाकडे. अंगणवाडीतून पहिलीत जाणारं मूल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातं आणि त्याची माहिती वाटेत हरवते. ताईंचा दिवस वजनं, पोषण आहार आणि मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरच्या नोंदी यांतच जातो. शिकवायला उरतो तो उरलेला वेळ.

शिरोळ तालुक्यात याला आणखी एक पदर आहे, तो उसाचा. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून तोडणी टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. शाळेचं वर्ष त्यामुळे मधोमध मोडतं. शाळकरी मुलांनी मूळ गावीच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण तीन वर्षांचं लेकरू आईला सोडून वसतिगृहात राहू शकत नाही. ते आईबरोबर फडातच येतं. त्याला टोळीच्या तळावरच अंगणवाडी हवी, आणि त्याचं नाव मूळ गावच्या, समजा बीडच्या, अंगणवाडी यादीतून शिरोळच्या यादीत काही दिवसांत यायला हवं. हे काम कुठल्याही इमारतीशिवाय होण्यासारखं आहे, आणि म्हणूनच ते मागे पडतं असं मला वाटतं. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटींचा असतो. त्यातून खोली बांधता येते, संरक्षक भिंत घालता येते, सेविकेचं मानधन देता येत नाही. ज्याचं उद्घाटन होऊ शकतं ते आधी होतं.

दुसरा पदर पाण्याचा. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नृसिंहवाडीला पूर नवा नाही. पुराचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वार सोहळ्याला भाविक गर्दी करतात. पण २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांमुळे तालुक्यातली गावंच्या गावं हलवावी लागली. अशा वेळी तालुक्यातल्या कोरड्या शाळा निवारा केंद्रं होतात, म्हणजे ज्या शाळेला पाणी लागलं नाही तीही बंद पडते. पूरप्रवण गावांसाठी शाळेचं वेगळं वेळापत्रक हवं. बुडालेले दिवस दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीतून भरून काढायची मुभा, पुस्तकांचा जादा संच आणि निवारा केंद्रातच चालणारी अंगणवाडी यांची तरतूद पावसाळ्याआधी व्हायला हवी.

महाविद्यालयाबद्दल थोडक्यात. शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाईंच्या काळात आलेल्या ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) फी-सवलतीने आणि १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाने या भागाचं उच्चशिक्षण उभं केलं. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फीमाफी आहे. पण ग्रामीण मुलींचा एसटीचा मोफत पास बारावीलाच संपतो. वाडीची मुलगी अभियांत्रिकीला कोल्हापूरला जाणार असेल तर फी माफ आणि प्रवास अंगावर. तो पास पदवीपर्यंत वाढवणं ही लहान, मोजता येणारी मागणी आहे.

यासाठी आमदाराकडे साधनं आहेत: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्थसंकल्पातल्या मागण्यांवरची कपात सूचना आणि अशासकीय विधेयक. अशासकीय विधेयक क्वचितच मंजूर होतं, तरी ते मांडावं, कारण ते चर्चेला आलं तर मंत्र्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं आणि ते नोंदीत राहतं. मी क्रम लावला तर पहिला प्रश्न महिला व बालविकास मंत्र्यांना असेल: शिरोळ तालुक्यात तोडणी हंगामात तळांवर किती मुलं सहा वर्षांखालची होती आणि त्यांतली किती अंगणवाडीत नोंदली गेली? दुसरा शालेय शिक्षण मंत्र्यांना: गेल्या पुरात प्रत्येक शाळेचे किती दिवस गेले आणि ते कधी भरून निघाले? या दोन प्रश्नांची लेखी उत्तरं पटलावर आली, की पुढच्या अर्थसंकल्पात त्या कामांसाठी रक्कम मागता येईल.