कुलाब्याची १७२१ची लढाई : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

डिसेंबर १७२१मध्ये अलिबागच्या किनाऱ्यावर दोन युरोपीय सत्तांच्या जोडफौजेचा पराभव झाला. एका बाजूला इंग्लंडच्या राजाच्या चार युद्धनौका, मुंबईकर ईस्ट इंडिया कंपनीची पलटण आणि गोव्याहून जातीनं आलेले पोर्तुगीज व्हाइसरॉय होते. दुसऱ्या बाजूला सरखेल, म्हणजे मराठी आरमाराचे प्रमुख, कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या मदतीला घाट उतरून आलेलं मराठी घोडदळ. शालेय पुस्तकात या लढाईच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. मग उरलेली जागा ऐकीव गोष्टींनी भरून निघते. किल्ल्यावर येणारे पर्यटक त्याच गोष्टी ऐकतात आणि त्याच पुढे सांगतात. त्यांतल्या काही तपासून पाहू.

सगळ्यांत साधा घोळ नावाचा आहे. ही लढाई मुंबईतल्या कुलाब्याला झाली, असं समजणारे लोक आजही भेटतात. हा कुलाबा म्हणजे अलिबागसमोरच्या समुद्रातला किल्ला. त्याच्याच नावानं अख्खा जिल्हा ओळखला जायचा. १९८१ साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं आणि नव्या पिढीला ‘कुलाबा’ म्हटलं की मुंबईच आठवू लागली. किल्ला कान्होजींनी बांधला, हेही खरं नाही. शिवाजी महाराजांनी १६८०च्या मार्चमध्ये, म्हणजे निधनाच्या काही दिवस आधी, बांधकामाला हात घातला आणि संभाजीराजांच्या काळात ते पुरं झालं. कान्होजींनी तिथं आपलं ठाणं केलं आणि १७२०च्या सुमारास समोर जमिनीवर हिराकोट उभारला. या हिराकोटात आता जिल्हा कारागृह आहे.

‘कान्होजी म्हणजे समुद्री चाचा’

इंग्रजी कागदांत कान्होजींचा उल्लेख ‘पायरेट’ असाच येतो. तोच शब्द भाषांतरातून आपल्याकडे आला आणि काहींनी तर तो कौतुकानं मिरवला. पण कान्होजी छत्रपतींचे सरखेल होते. सिधोजी गुजरांच्या पश्चात आरमाराची सूत्रं त्यांच्या हाती आली. दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय मराठी मुलखाच्या किनाऱ्यावरून व्यापारी गलबत जाऊ नये, हा त्यांचा दंडक होता. असा परवाना देण्याची रीत त्यांनी काढलेली नव्हती. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून याच समुद्रात ‘कार्ताझ’ देत होते आणि ज्याच्याकडे तो नसेल त्याचं जहाज धरत होते. कंपनीही आपल्या आश्रयाच्या व्यापाऱ्यांना पास द्यायची. भांडण होतं ते समुद्रावर हुकूम कोणाचा चालणार, याचं. कंपनीचं म्हणणं असं की आमच्या निशाणाखालच्या मालाला आंग्र्यांच्या दस्तकाची गरज नाही, मग तो माल सुरतेच्या सावकाराचा असला तरी. कान्होजींना हे मान्य नव्हतं. १७१२च्या नोव्हेंबरात त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका धरली. त्या चकमकीत कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कॅथरिन कैदेत पडली. कंपनीनं तीस हजार रुपये खंडणी भरून तिला सोडवलं आणि १७१३मध्ये आंग्र्यांशी तह केला. चाचाशी कोणी तह करत नाही. निदान लेखी करत नाही.

‘लढाई फक्त कंपनीशी होती’

हा गैरसमज अनेक मराठी पुस्तकांतही आहे. कॉमोडोर थॉमस मॅथ्यूजला कंपनीच्या आरमाराचा अधिकारी ठरवलं जातं. मॅथ्यूज हा ब्रिटिश राजाच्या नौदलाचा अधिकारी होता आणि लायन, सॅलिसबरी, एक्झिटर, शोरहॅम ही त्याची चार जहाजं राजाची होती. ती मुद्दाम धाडण्यामागं कारण होतं. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून यानं १७१७मध्ये विजयदुर्गावर, १७१८मध्ये खांदेरीवर आणि १७२०मध्ये पुन्हा विजयदुर्गावर मोहीम काढली होती आणि तिन्ही वेळा हात हलवत परत यावं लागलं होतं. तेव्हा कंपनीनं राजाकडं मदत मागितली. १७२१च्या सप्टेंबरात मॅथ्यूज मुंबईत पोचला.

त्याआधीच, ऑगस्टमध्ये, बूननं पोर्तुगिजांशी करार केला होता. त्यात वाटणीही ठरली होती : कुलाबा पोर्तुगिजांचा, विजयदुर्ग इंग्रजांचा. दोघांपैकी कोणी एकट्यानं आंग्र्यांशी तह करायचा नाही, हेही कलम होतं. इथं युरोपचा संदर्भ लागतो. १७०१ ते १७१४ या काळात स्पेनच्या गादीवरून युरोपभर युद्ध पेटलेलं होतं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईविरुद्ध इंग्लंड, हॉलंड, ऑस्ट्रिया यांची आघाडी उभी होती आणि १७०३मध्ये पोर्तुगालही तिच्यात आला. १७०४मध्ये ब्लेनहाइमला मार्लबरो आणि प्रिन्स युजीन यांनी फ्रेंच सैन्याचा धुव्वा उडवला, ती लढाई याच युद्धातली. इंग्रजी इतिहासात ब्लेनहाइम हा इंग्लंडचा विजय म्हणून गाजला. प्रत्यक्षात तिथल्या बावन्न हजारांच्या मित्रसैन्यात ब्रिटिश शिपाई एक-पंचमांशाच्या आसपास होते, बाकी जर्मन, डच, डॅनिश. कुलाब्यावर चालून आलेली ‘इंग्रज’ फौजही अशीच मिश्र होती. गोरे शिपाई, खलाशी, तोपी म्हणजे इंडो-पोर्तुगीज शिपाई आणि इथलंच भाडोत्री पायदळ, सगळे तिच्यात होते. दोन्ही राज्यांचं मिळून सुमारे सहा हजारांचं दळ.

थोडक्यात, युरोपात ज्या दोन राज्यांची दोस्ती फ्रान्सविरुद्ध घट्ट झाली, तीच राज्यं सात-आठ वर्षांनी अलिबागच्या वाळूत आंग्र्यांविरुद्ध एकत्र आली.

‘ही समुद्रातली लढाई होती’

कान्होजी आरमाराचे सरखेल आणि किल्ला पाण्यात, म्हणून चित्रांत गुराबा आणि गलबतं मोठ्या जहाजांवर तुटून पडताना दाखवतात. आंग्र्यांच्या अनेक झुंजी तशा झाल्याही. १७२१ची मात्र नाही. या लढाईचा निकाल जमिनीवर लागला.

त्यासाठी किल्ल्याची जागा डोळ्यांसमोर आणायला हवी. पूर्ण ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून माणूस चालत किल्ल्यात जातो. वाटेत ओली वाळू, मग कातळ, मध्येच घोट्यापर्यंत पाणी. उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाणी चांगलं मागं हटतं आणि वाट खुली होते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा ओहोटीही अर्धवट होते आणि कंबरभर पाण्यातून जायची पाळी येते. भरती आली की चहूबाजूंनी समुद्र. किल्ला घ्यायचा तर ओहोटीच्या त्या थोड्या तासांत शिड्या लावायच्या, तटावर चढायचं आणि दरवाजा फोडायचा. काम फसलं तर पाणी चढायच्या आत मागं फिरायचं. खडकाळ, उथळ पाण्यामुळं मोठ्या युद्धनौका तटाला भिडू शकत नव्हत्या आणि त्यांना दुरूनच मारा करावा लागे.

म्हणून दोस्तांनी चौलचा मार्ग धरला. चौल-रेवदंडा पोर्तुगिजांचं होतं. तिथं फौजा जमवून त्यांनी किनाऱ्यानं उत्तरेकडं, अलिबागच्या दिशेनं कूच केलं. इंग्रज पायदळाचं नेतृत्व रॉबर्ट कोवनकडं होतं. टेहळणी करताना मॅथ्यूजच्याच मांडीत एका मराठी स्वाराचा भाला लागला. चिडून तो त्याच्या मागं घोडा फेकत गेला, पण पिस्तुलं ऐन वेळी उडालीच नाहीत. डिसेंबरात हल्ला झाला. इंग्रजांनी शिड्या घेऊन किल्ल्याकडं धाव घेतली. पोर्तुगीज बगलेला होते, जमिनीकडून येणाऱ्या मराठी घोडदळाला अडवण्यासाठी. तटावरून मारा होत होता, चढणारे खाली पडत होते. त्याच वेळी घोडदळ पोर्तुगिजांवर आलं. त्यांची फळी मोडली आणि उघड्या पडलेल्या इंग्रजांनाही मागं पळावं लागलं.

या हल्ल्याच्या तारखा वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळ्या दिसतात, त्यात कोणाची लबाडी नाही. इंग्लंड तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना चालवत होतं, ती त्यानं १७५२मध्ये सोडली. पोर्तुगालनं नवी गणना १५८२मध्येच घेतली होती. दोन्हींत अकरा दिवसांचं अंतर. ब्लेनहाइमची लढाईसुद्धा एका गणनेनं २ ऑगस्ट १७०४ला पडते आणि दुसऱ्या गणनेनं १३ ऑगस्टला.

‘पोर्तुगिजांनी दगा दिला’

ही इंग्रजांनी लिहून ठेवलेली कहाणी आहे आणि आपण ती जशीच्या तशी उचलली. मोहिमेत हजर असलेल्या क्लेमंट डाउनिंगनं १७३७मध्ये पुस्तक छापलं. पुढचे बहुतेक इंग्रज लेखक त्याच्या आधारानं लिहीत गेले. पराभवानंतर मॅथ्यूज इतका भडकला होता की त्यानं पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात काठी खुपसली, असं इंग्रजच सांगतात. व्हाइसरॉयशीही तो धड वागला नाही. नंतर पोर्तुगिजांनी इंग्रजांना बाजूला सारून मराठ्यांशी बोलणी केली आणि जानेवारी १७२२मध्ये अलिबागला लागून असलेल्या वरसोलीला तह झाला. करारातलं कलम त्यांनी मोडलं, हे खरं.

तरी दगा म्हणण्यापूर्वी त्यांची बाजू पाहायला हवी. इंग्रजांची मुंबई हे बेट होतं, भोवती समुद्राचा खंदक. पोर्तुगिजांची वसई, साष्टी आणि चौल मात्र मराठी घोडदळाच्या टप्प्यात होती. घोडदळ तळ देऊन बसलं असताना लढाई लांबवणं म्हणजे उत्तरेचा सगळा मुलूख पणाला लावणं होतं. असा दोषही पहिल्यांदाच दिला गेला नव्हता. १७०७मध्ये स्पेनमधल्या अल्मान्साला इंग्रज-पोर्तुगीज फौज फ्रेंच-स्पॅनिश फौजेपुढं हरली. तिथंही एका बगलेचं पोर्तुगीज घोडदळ उधळलं आणि इंग्रजांनी पराभवाचं खापर त्यांच्याच माथी फोडलं. एका बगलेवर मित्र, दुसऱ्यावर आपण, दोघांचा सेनापती वेगळा आणि मधे विश्वास नाही, अशा फौजेला जोरदार घोडदळानं नेमकं जोडावरच फोडलं. मला वाटतं, १७२१ची लढाई समजून घ्यायला शौर्य-भ्याडपणाच्या हिशेबापेक्षा ही गोष्ट जास्त उपयोगी आहे.

‘कान्होजी एकटे लढले, पेशवे तर आंग्र्यांचे वैरी’

मला सर्वांत जास्त खटकतो तो हा गैरसमज. तो नंतरच्या घटनांवरून मागं लावलेला आहे. १७५६मध्ये नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीनं विजयदुर्ग घेतला, तुळाजी आंग्रे कैद झाले आणि मराठी आरमाराचा मोठा भाग जळाला. ती जखम खोल आहे. पण तिच्यामुळं १७२१चं चित्र झाकोळून जाऊ नये.

१७१३मध्ये छत्रपतींच्या गादीच्या वादात कान्होजी ताराबाईंच्या पक्षात होते. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं. राज्य फुटायची वेळ आली होती. तेव्हा बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. ते मूळचे याच किनाऱ्यावरच्या श्रीवर्धनचे. कोकणातली माणसं, समुद्र आणि जंजिऱ्याच्या सिद्दीचा जाच हे सगळं त्यांच्या परिचयाचं होतं. लोणावळ्याजवळ वळवणला दोघांची बोलणी झाली आणि १७१४मध्ये समेट झाला. कान्होजींनी शाहूंचं छत्रपतिपद मानलं. त्यांचं सरखेलपद, जलदुर्ग आणि घाटाखालचे किल्ले त्यांच्याकडे कायम राहिले.

या समेटाचं फळ सात वर्षांनी कुलाब्यासमोर दिसलं. कान्होजींनी साताऱ्याला मदत मागितली. शाहूंनी पिलाजी जाधवरावांना घोडदळ देऊन रवाना केलं आणि पाठोपाठ बाजीराव स्वतः आले. बाजीराव तेव्हा २१ वर्षांचे होते, पेशवाईची वस्त्रं मिळून दोन वर्षंही झाली नव्हती. कान्होजी पन्नाशी ओलांडलेले. ज्या सरखेलांनी एका पेशव्याला बेड्या ठोकल्या होत्या, त्यांच्या किल्ल्याच्या रक्षणासाठी दुसरा पेशवा घाट उतरला. तट आणि तोफा कान्होजींच्या होत्या, मोकळ्या मैदानातला तडाखा छत्रपतींच्या घोडदळाचा. दोन्हींपैकी एक नसतं तर निकाल असा लागता ना. वरसोलीची बोलणीही बाजीरावांनीच केली आणि दोस्तांची जोडी तिथंच फोडली. कुलाबा आंग्र्यांकडंच राहिला. बून १७२२च्या जानेवारीतच इंग्लंडला निघून गेला.

‘किल्ल्यावरच्या तोफा त्या लढाईत जिंकलेल्या’

किल्ल्याच्या उत्तर बाजूच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन लोखंडी तोफा आहेत. छायाचित्रं तिथं हटकून काढली जातात आणि ‘या कान्होजींनी इंग्रजांकडून हिसकावल्या’ हे वाक्यही हटकून ऐकू येतं. तोफांवर कारखान्याचं नाव कोरलेलं आहे : यॉर्कशायरमधलं लो मूर आयर्न वर्क्स. तो कारखाना १७९१मध्ये सुरू झाला. कान्होजी १७२९मध्ये वारले. तेव्हा या तोफांचा आणि त्या लढाईचा संबंध जोडता येत नाही. कुलाब्याची आंग्रे गादी इंग्रजांनी वारस नामंजूर करून १८४०मध्ये खालसा केली, तोवरच्या किंवा त्यानंतरच्या काळातला हा ऐवज आहे.

लढाईच्या काळातलं काही हात लावून पाहायचं असेल तर तटाजवळ जावं. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. मधल्या फटींत लाटेचं पाणी शिरतं आणि तिचा जोर मोडतो, म्हणून तीनशे चाळीस वर्षं समुद्राचा मारा खाऊनही भिंत उभी आहे. १७२१च्या शिड्या याच भिंतीला लागल्या होत्या.