स्थूलता आणि पित्ताशयातील खडे

मेजवानीनंतर काही वेळाने उजव्या बरगडीखाली कळ येते, पाठीत वा उजव्या खांद्यात भरते. आणि आपण ओवा खाऊन स्वस्थ बसतो. पुष्कळदा तिचे मूळ पित्ताशयातील खड्यांत असते.

स्थूल व्यक्तीचे यकृत पित्तात कोलेस्टेरॉल अधिक सोडते. ते विरघळेनासे झाले म्हणजे त्याचे स्फटिक व पुढे खडे बनतात. स्त्रियांत हा विकार विशेष आढळतो.

मग कडक उपास आरंभावेत काय? मुळीच नाही! उपासाने पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहते. आठवड्यास दीड किलोहून अधिक वजन घटविल्यास खड्यांचा संभव उलट वाढतो. अर्धा ते एक किलो पुरे. वेळेवर मिताहार घ्यावा, रोज चालावे. कळेबरोबर ताप वा कावीळ दिसल्यास मात्र डॉक्टरांकडे तत्काळ जावे.