हवेतील शेजपाळी

पिंपळीत आमच्या गल्लीत घराला घर लागून आहे, भिंतीही सामाईक. गेल्या पावसाळ्यात पुतणीची ऑनलाइन परीक्षा दोनदा मध्येच तुटली. मोबाइलवर वायफायच्या रेघा भरलेल्या, पण पान उघडेना. संध्याकाळी सात ते दहा हा त्रास ठरलेला. शेजारचे तात्या आपले नेट चोरून वापरतात, असा संशय घरात बळावला. मी तीनदा पासवर्ड बदलला. गुण आला नाही. तात्यांशी बोलणे मात्र बंद झाले.

अभियांत्रिकीचे शिक्षण माझ्याकडे नाही. कालव्यांचे जुने दस्तऐवज वाचण्याच्या छंदातून एक सवय लागली आहे : आधी नोंद, मग निष्कर्ष. राउटरमधील यादी पाहिली, तर जोडलेली सगळी उपकरणे आमचीच. मग लॅपटॉप राउटरला वायरने जोडला. रात्री आठलाही पूर्ण वेग मिळाला. म्हणजे बाहेरून येणारी लाइन चांगली होती. दोष राउटर आणि मोबाइल यांच्यामधल्या हवेत होता. शेवटी मोबाइलवर आसपासचे सिग्नल दाखवणारे ॲप घेऊन आठ दिवस टिपणे काढली. आमचा राउटर 6 क्रमांकाच्या चॅनेलवर, तात्यांचा 4 वर, समोरच्यांचा 8 वर.

येथेच मेख आहे. जुने वायफाय 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यात चालते. त्यात तेरा चॅनेल असले, तरी दोन चॅनेलमधले अंतर फक्त 5 मेगाहर्ट्झ आणि प्रत्येक सिग्नलला जागा लागते सुमारे 20. त्यामुळे एकमेकांना न भिडणारे नेहमीचे चॅनेल तीनच : 1, 6 आणि 11.

आपल्या भागातल्या वाचकाला पुढचा भाग नीरा डाव्या कालव्यावरून सहज कळेल. 1885 मध्ये सुरू झालेल्या या कालव्याने बारामती-इंदापूरला शेजपाळी शिकवली : चारीवर ज्याची पाळी, त्याने पाणी घ्यायचे, बाकीच्यांनी थांबायचे. वायफायचेही तसेच आहे, फक्त पाळी लावणारा कोणी नाही. प्रत्येक राउटर बोलण्याआधी कानोसा घेतो. दुसरा बोलत असेल तर क्षणभर थांबतो. एकाच चॅनेलवरचे दोन राउटर एकमेकांची भाषा ओळखतात, म्हणून पाळी पाळतात. वेग वाटला जातो, पण काम होते. 4 आणि 6 वरच्यांना मात्र एकमेकांचा अर्धवट गोंगाट तेवढा ऐकू येतो. त्यात पाळीची खूण सापडत नाही, म्हणून ते पुष्कळदा थांबत नाहीत. दोघांचेही संदेश बिघडतात आणि पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात. शेजाऱ्याच्याच चॅनेलवर बसणे परवडते. त्याच्या बांधावर पाय ठेवून बसणे दोघांना बुडवते.

मग दाद कोणाकडे मागायची? भारतात हा पट्टा जानेवारी 2005 च्या नियमांनी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. त्याच नियमांत अट आहे की वापर सामायिक राहील आणि दुसऱ्याच्या व्यत्ययापासून संरक्षण मिळणार नाही. ज्या जमिनीला सातबारा नाही, तिथे बांधाचा दावा कसा लावणार? उरतो तो शेजारी.

वही घेऊन तात्यांकडे गेलो. ते म्हणाले, "अहो, आम्हाला वाटलं तुम्हीच आमचं नेट ओढताय. मी चारदा पासवर्ड बदलला!" त्यांनी तर जास्त ताकदीचा नवा राउटरही आणला होता. त्याने त्रास वाढलाच होता; दोघे ओरडू लागले की ऐकू कोणालाच येत नाही.

त्या संध्याकाळी तिन्ही घरांनी 1, 6, 11 वाटून घेतले. चॅनेलची रुंदी 40 वरून 20 मेगाहर्ट्झ केली, कारण रुंद चॅनेल दोघांची जागा खातो. जवळच्या खोल्यांतले फोन 5 गिगाहर्ट्झवर नेले. तो पट्टा भिंतीपलीकडे कमी पोहोचतो, म्हणून शेजाऱ्यालाही कमी त्रास देतो. गल्लीतल्या चौथ्या घराला आमच्यापासून सर्वांत लांबच्या घराचा चॅनेल दिला.

गर्दीच्या वेळी वेग अजूनही थोडा उतरतो. पुतणीची तिसरी परीक्षा मात्र अखंड पार पडली. त्या रात्री पेपर संपेपर्यंत तात्यांनी आपला टीव्ही नेटवर लावला नव्हता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी समजले.