लाडबोरीचे कडे आणि रात्रीच्या आकाशातील अग्निरेषा

२ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. सायंकाळी पावणेआठच्या सुमारास, घरोघरच्या गुढ्या उतरून झाल्या असताना, विदर्भ आणि खानदेशातील असंख्य लोकांनी आकाशात एक विलक्षण दृश्य पाहिले. तांबूस-पिवळ्या प्रकाशाचे अनेक ठिपके एकामागून एक, जणू एकाच दोरीत ओवल्यासारखे, लांब शेपट्या मागे ठेवीत पश्चिमेकडून पूर्वेकडे संथपणे सरकत गेले. मध्य प्रदेशातील झाबुआ आणि बडवानी या भागांतूनही ते दिसले. अमावास्या आदल्याच दिवशी होऊन गेली असल्याने आकाश काळोखे होते व दृश्य अधिकच उठून दिसले. कोणी त्याला उल्कापात म्हटले, कोणी विमानाला आग लागली असे समजले, तर कोणाच्या मनात बॉम्बची शंका आली.

थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यातून बातमी आली. लाडबोरी गावातील मोकळ्या जागेत धातूचे एक भले मोठे कडे येऊन पडले होते. त्याचा व्यास सुमारे ३ मीटर होता आणि वजन सुमारे ४० किलो असल्याचे सांगण्यात आले. त्याच तालुक्यातील पवनपार येथे धातूचा एक पोकळ गोळा सापडला आणि पुढील काही दिवसांत परिसरात तशा आणखी वस्तू मिळाल्या. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. कडे सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात नेण्यात आले आणि त्यानंतर भारतीय अंतराळ संशोधन संघटनेच्या, म्हणजे इस्रोच्या, शास्त्रज्ञांनी येऊन या वस्तूंची पाहणी केली.

हे कडे मोकळ्या जागेऐवजी एखाद्या कौलारू घरावर पडले असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्या रात्री अनेकांच्या मनात आला असणार. म्हणूनच रात्रीच्या आकाशातील अशा अग्निरेषा कशामुळे दिसतात, त्यांचे निरीक्षण व छायाचित्रण कसे करावे आणि आकाशातून काही खाली आलेच तर गावाने काय करावे, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

ती उल्का नव्हती

उल्का आणि अंतराळयानाचा अवशेष यांतील फरक साध्या डोळ्यांनीही ओळखता येतो. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर इतक्या वेगाने वातावरणात शिरते. तिचा खेळ एक-दोन, फार तर काही सेकंदांत आटोपतो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाच्या अवशेषाचा वेग सेकंदाला ८ किलोमीटरच्या आसपास असतो आणि तो अतिशय तिरकस, जवळजवळ क्षितिजसमांतर मार्गाने वातावरणात उतरतो. त्यामुळे तो मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक काळ दिसत राहतो. सुमारे ८० किलोमीटर उंचीवर हवेच्या घर्षणाने व दाबाने त्याचे तुकडे होतात आणि एका ठिपक्याचे अनेक ठिपके होऊन ते रांगेने चालू लागतात. पाडव्याच्या सायंकाळी दिसलेली रांग हीच होती.

ही उंची ध्यानात घेतली म्हणजे आणखी एक कोडे सुटते. ८० किलोमीटर उंचीवरील प्रकाश सुमारे १,००० किलोमीटर अंतरावरील क्षितिजापर्यंत दिसू शकतो. त्यामुळे जळगाव, अकोला, नागपूर आणि चंद्रपूर येथील लोकांना एकच दृश्य दिसते आणि प्रत्येकाला ते आपल्याच गावाच्या शिवारात उतरले असे वाटते.

त्याच दिवशी सायंकाळी न्यूझीलंडमधून एका रॉकेटचे उड्डाण झाले होते. वेळ जुळत असल्याने प्रारंभी काहींनी त्याच्याशी या घटनेचा संबंध जोडला. परंतु केवळ वेळ जुळून भागत नाही. कक्षेचा मार्गही जुळावा लागतो. अशा वस्तूंची नोंद ठेवणारे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हा चीनच्या ‘चांग झेंग ३-बी’ या रॉकेटचा टप्पा असावा असे मत मांडले. हे रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडण्यात आले होते. त्याचा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणे अपेक्षित होते आणि त्याचा मार्गही दिसलेल्या रेषेशी जुळत होता. या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास ३ मीटर असतो, ही गोष्टही लाडबोरीच्या कड्याशी मेळ खाते.

उपग्रहाला उंच कक्षेकडे धाडल्यानंतर रिकामा टप्पा लांबट कक्षेत फिरत राहतो. प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या जवळून जाताना वातावरणाचा विरळ थर त्याची गती थोडी थोडी खातो आणि महिन्यांनी किंवा वर्षांनी तो खाली येतो. तो नेमका कोठे पडेल हे आधी सांगणे मात्र कठीण असते. अंदाजात १० मिनिटांची चूक झाली तरी पडण्याचे ठिकाण साडेचार हजार किलोमीटरहून अधिक सरकते. म्हणून एखाद्या विशिष्ट तालुक्याला आगाऊ इशारा देणे सहसा शक्य होत नाही.

वर जाणारे यान : सिरोंच्याहून श्रीहरिकोटा

खाली येणारे यान अवचित दिसते; वर जाणारे यान मात्र ठरलेल्या वेळी पाहता येते. आंध्र प्रदेशातील श्रीहरिकोटा येथील सतीश धवन अंतराळ केंद्रावरून होणाऱ्या उड्डाणांची वेळ आधी जाहीर होते. त्यांतील काही उड्डाणे रात्रीची असतात. २३ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर ७ मिनिटांनी एलव्हीएम-३ हे रॉकेट ३६ उपग्रह घेऊन निघाले, तर ३० डिसेंबर २०२४ रोजी रात्री १० वाजता पीएसएलव्हीने ‘स्पेडेक्स’ मोहिमेची दोन याने नेली. जवळून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी श्रीहरिकोट्यास २०१९ पासून प्रेक्षक सज्जा आहे व तेथे पूर्वनोंदणी करून प्रवेश मिळतो.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे सिरोंचा हे श्रीहरिकोट्यापासून सरळ रेषेत सुमारे ५७० किलोमीटर अंतरावर आणि जवळजवळ नेमके त्याच्या उत्तरेस आहे. तेथून उड्डाण दिसू शकेल काय? पृथ्वीच्या गोलाईमुळे रॉकेट सुमारे २५ किलोमीटर उंच जाईपर्यंत ते सिरोंच्याच्या क्षितिजाखालीच राहते. एलव्हीएम-३ च्या दोन्ही बाजूंचे घनइंधनाचे बूस्टर, ज्यांची ज्योत सर्वांत प्रखर असते, सुमारे सव्वादोन मिनिटे जळतात आणि ६० किलोमीटरच्या आसपास सुटून पडतात. त्या क्षणी सिरोंच्याहून पाहिल्यास रॉकेट क्षितिजाच्या जेमतेम तीन-साडेतीन अंश वर असेल. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचे सुमारे १० अंश झाकते. म्हणजे रॉकेट मुठीच्या तिसऱ्या भागाइतकेच वर आलेले असणार. चंद्रपूर शहरातून अंतर सुमारे ७०० किलोमीटर भरते व तेथून ही उंची दोन अंशांहूनही कमी राहते.

हिशेबाने पाहता, दक्षिणेचे क्षितिज पूर्ण मोकळे आणि हवा स्वच्छ असेल तर सिरोंच्याकडून क्षितिजालगत एक नारिंगी ठिणगी सरकताना दिसण्यास वाव आहे. चंद्रपूरकडून ती आशा फारच थोडी. धुके, धूळ, दूरच्या टेकड्या आणि साग-ऐनाची रांग यांपैकी काहीही आड आले तर ठिणगी हुकेल. दक्षिण दिशा ओळखण्यास हिवाळ्यात अगस्तीचा तारा उपयोगी पडतो. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री ९ च्या सुमारास तो बरोबर दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे १८ अंशांवर असतो. रॉकेटची वाट त्याच्याही बरीच खाली शोधावी. ध्वनी मात्र इतक्या अंतरावर पोहोचत नाही. प्रेक्षक सज्जातही आवाज प्रकाशानंतरच येतो, कारण ध्वनीला एक किलोमीटर कापण्यास सुमारे ३ सेकंद लागतात.

अंधाऱ्या आकाशाच्या बाबतीत गडचिरोलीसारखे भाग्य थोड्याच जिल्ह्यांना लाभले आहे. परंतु जंगलातील रात्र ही वाघ-अस्वलांचीही असते. निरीक्षणासाठी रानवाटेने किंवा नदीकाठी जाण्याऐवजी शाळेची गच्ची किंवा गावातील मोकळे मैदान निवडावे आणि एकट्यादुकट्याने बाहेर पडू नये.

छायाचित्र कसे घ्यावे

रात्रीच्या उड्डाणाच्या छायाचित्रात प्रकाशाची कमान दिसते. शटर दीर्घकाळ उघडे ठेवल्यामुळे ज्योतीचा संपूर्ण प्रवास एकाच चित्रात उमटतो. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा. भिंग शक्यतो रुंद कोनाचे असावे. दूरच्या क्षितिजावरील उड्डाणासाठी मध्यम भिंगही चालेल. एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर आधीच नेम साधून फोकस पक्का करावा आणि स्वयंचलित फोकस बंद ठेवावा. आयएसओ २०० ते ४००, ॲपर्चर ५.६ ते ८ आणि शटर एक ते तीन मिनिटे, ही सुरुवात म्हणून योग्य मापे आहेत. श्रीहरिकोट्याजवळून चित्र घ्यावयाचे असल्यास ज्योत फार प्रखर असते, म्हणून ॲपर्चर आणखी लहान करावे. हाताचा धक्का लागू नये म्हणून शटर दुरून दाबण्याची सोय वापरावी.

कॅमेरा नसल्यास मोबाइल फोन पुरेसा आहे. मात्र तो हातात न धरता विटेच्या किंवा भिंतीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि चलच्चित्र घ्यावे. अवचित दिसणाऱ्या अवशेषासाठी तर चलच्चित्रच उत्तम, कारण त्यात वेळेची नोंद होते. चित्रात घराचा कोपरा, पाण्याची टाकी किंवा एखादे ओळखीचे झाड येऊ द्यावे. नंतर त्याच जागी उभे राहून होकायंत्राने दिशा व कोनमापकाने उंची मोजता येते. दोन वेगळ्या गावांतून एकाच वेळी घेतलेली अशी दोन चित्रे हाती असली की त्रिकोणाच्या साध्या गणिताने ती वस्तू किती उंचीवरून गेली हे काढता येते. भूमितीचा याहून जिवंत धडा शाळेला क्वचितच मिळेल.

वस्तू सापडल्यास

प्रकाश विझला म्हणजे सर्व संपले असे नसते. टिकून राहिलेले तुकडे हवेमुळे मंदावतात आणि प्रकाश दिसेनासा झाल्यानंतर काही मिनिटांनी जमिनीवर येतात. सपाट किंवा पोकळ भाग आणि टायटॅनियमसारख्या धातूच्या अथवा कार्बन तंतूंनी वेढलेल्या गोल टाक्या बहुधा जळून जात नाहीत. काही यानांच्या टाक्यांत हायड्रॅझिन हे विषारी इंधन असते. त्याचा अंश उरला असल्यास स्पर्शाने किंवा वासानेही अपाय होऊ शकतो. म्हणून अशा वस्तूला हात लावू नये, ती हलवू अथवा उघडू नये, मुलांना व गुरांना दूर ठेवावे. पोलीस पाटील, तलाठी किंवा ग्रामसेवक यांनी जागेवर पहारा ठेवून तहसीलदार व पोलीस ठाण्यास तत्काळ कळवावे.

या दोन जिल्ह्यांत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडण्यासाठी हजारो स्त्री-पुरुष पहाटेच जंगलात जातात. गावात पडलेली वस्तू सर्वांना दिसते. जंगलात पडलेली वस्तू प्रथम याच लोकांच्या हाती येण्याचा संभव अधिक. चकाकणारा गोळा भंगारात विकावासा वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून ही सूचना फलकावर लावून न थांबता ग्रामसभेत व तेंदूच्या फळीवर तोंडी आणि लोकांच्या बोलीत, मग ती गोंडी असो, माडिया असो वा तेलुगू, सांगणे अगत्याचे आहे.

वस्तू जपून ठेवण्यामागे कायदेशीर कारणही आहे. १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार परक्या देशाचा अवशेष सापडल्यास संबंधितांना व संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवावे लागते. १९७२ च्या दायित्वविषयक करारानुसार अंतराळातील वस्तूमुळे जमिनीवर हानी झाली तर ती वस्तू सोडणारे राष्ट्र, त्याची चूक सिद्ध झाली नाही तरीही, भरपाई देण्यास जबाबदार ठरते. भारत या दोन्ही करारांत सहभागी आहे. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ हा उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने शोध व सफाईच्या खर्चाची मागणी केली आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलर मिळविले. मागणी टिकली ती तुकडे शोधून व तपासून ठेवले म्हणून. उद्या एखाद्या गावात घर पडले किंवा बैल दगावला, तर त्या कुटुंबाचा दावा जागेच्या पंचनाम्यावर, छायाचित्रांवर आणि सुरक्षित ठेवलेल्या तुकड्यावरच उभा राहील.

जुलै १९७९ मध्ये अमेरिकेची ‘स्कायलॅब’ ही प्रयोगशाळा कोसळणार म्हणून आपल्याकडे केवढी घबराट पसरली होती, हे ज्येष्ठांना आठवत असेल. अखेर तिचे अवशेष हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी आकाशातील वस्तू खरोखरच चंद्रपूर जिल्ह्यात आली, तीही कोणास न कळता. अंतराळात जाणाऱ्या यानांची संख्या वाढत आहे, त्या प्रमाणात असे प्रसंगही पुन्हा येऊ शकतात. भीती दूर करण्याचे काम शिक्षकांचे आहे आणि सावधगिरी शिकविण्याचे काम पंचायतींचे. आकाशात पुन्हा अशी रांग दिसली, तर मुलांनी घरात दडून न बसता वेळ, दिशा व उंची वहीत टिपावी आणि दुसऱ्या दिवशी रानात काही चकाकताना दिसले, तर मोहफुले वेचणाऱ्या बाईने दुरूनच मागे फिरून गावात वर्दी द्यावी. एवढे साधले तरी लाडबोरीच्या त्या कड्याने पुष्कळ शिकविले असे म्हणता येईल.