खोगीर आणि लगाम

निबंधात अनावश्यक मजकूर आला की गुरुजी म्हणतात, "ही खोगीरभरती काढून टाका." परंतु ज्या खोगिरात ती भरती घालीत, ते आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले असेल? मल्हारराव होळकरांसारख्या (१६९३-१७६६) घोडदळाच्या सरदारामुळे ज्या इंदूरचा उत्कर्ष झाला, तेथील विद्यार्थ्यांना तरी या साजाची ओळख असावी.

खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवरील भरीव गादी. स्वाराचा भार कण्यावर न येता त्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर पडावा, हे तिचे मुख्य कार्य. आतील भरती दिसत नसल्यामुळे तीत चिंध्यांसारख्या टाकाऊ वस्तूही कोंबीत. त्यावरून तो वाक्प्रचार रूढ झाला. तिबेटातील लोक लाकडी खोगिराच्या खाली व वर लोकरीचे विणलेले गालिचे घालतात. साधने निराळी, पण हेतू एकच.

खोगीर घट्ट राहावे म्हणून पोटाखालून जो पट्टा आवळतात तो तंग. उतारावर खोगीर मानेकडे सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतात ती दुमची. रिकिबीत पाय रोवून स्वार किंचित उभा राहू शकतो. म्हणून त्यास भाला जोराने चालविता येतो. लगामाचे लोखंडी कडियाळे घोड्याच्या पुढच्या दातांच्या व दाढांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसते. त्यामुळे बोटांच्या हलक्या इशाऱ्यानेही घोडा वळतो. मात्र आडदांड हाताने ओढल्यास त्याचे तोंड फाटते.

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिरास घोडा व हत्यार सरकारातून मिळे; शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची उपजीविकाच बुडे. खोगिरातील भरतीची एक गाठ, तिने सोललेली पाठ, चिघळलेली जखम, आणि मग मोहिमेत मागे पडलेला स्वार! एवढा अनर्थ त्या क्षुल्लक गाठीत दडलेला असे. ही जाण शिवछत्रपतींच्या व्यवस्थेतही दिसते. त्यांच्या पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल यांवाचून शौर्य पुढे चालत नाही, हे ते जाणत होते.

आज पागा उरल्या नाहीत. शब्द मात्र उरले आहेत. आपण जिभेला लगाम घालतो, तोंडाचा तोबरा भरतो, एखाद्या कामावर पक्की मांड ठोकतो. दसऱ्यास घोड्यांची पूजा करणाऱ्या आपल्या पूर्वजांना ठाऊक होते की, विजय तलवारीचा म्हणून गाजला तरी तो मुक्या जनावराच्या पाठीवरून आलेला असतो. म्हणून मित्रहो, यापुढे कोणी 'खोगीरभरती' म्हणून हसले, तर एवढे ध्यानात ठेवा : निबंधात ती निरुपयोगी असेल, परंतु घोड्याची पाठ तिच्यामुळेच शाबूत राहत असे.