बर्फाच्या पायाशी ऊन पाणी

पोट्टे हो, कूलरच्या टाकीत बर्फ कोणी टाकला ते मी विचारत नाही. मे महिना, वणीचं ऊन, दुपारचे तीन. तुमच्या वयाचा असतो तर मीही टाकला असता. मला एवढंच सांगा, फ्रीजमधले दोन्ही ट्रे रिकामे केलेत, तो बर्फ टाकीत किती वेळ टिकला?

"टाकला अन् गेला," धाकटा म्हणाला.

आणि हा खिडकीत चिंधीवर ठेवलेला तुकडा? अजून आहे की नाही? बाहेर चव्वेचाळीस अंश तापलंय, गरम झळा खिडकीतून आत येतायत. टाकीतलं पाणी हात घातला तर गार लागतं. तरी गार पाण्यातला बर्फ आधी संपला आणि झळा खाणारा मागे राहिला.

"काहून बाप्पा?" थोरलीने विचारलं.

कारण हवा विरळ असते. एक बादली पाण्याचा एक अंश उतरला, तर त्यातून जेवढी उष्णता निघते, तेवढी द्यायला एक बादली हवेला तीन हजारांहून जास्त अंश उतरावं लागेल. पाणी गार दिसलं तरी त्याच्या गाठीला उष्णता पुष्कळ. शिवाय टाकीतला पंप पाणी ढवळत होता. बर्फाला चिकटून त्याच्या स्वतःच्या वितळण्याचा जो थंडगार थर जमतो, तो पंपाने पुसून टाकला आणि दर घडीला नवं पाणी बर्फापाशी नेलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण आता आपण थेट दक्षिण ध्रुवाकडे निघालोय.

तिथे, अंटार्क्टिकाच्या पश्चिम अंगाला, थ्वेट्स नावाची हिमनदी आहे. नदी म्हटलं तरी आपली निर्गुडा डोळ्यांपुढे आणू नका. अर्ध्या महाराष्ट्राहून मोठा तिचा पसारा, आणि सगळा बर्फ. तो हळूहळू समुद्राकडे सरकतो आणि शेवटी त्याचा पुढचा भाग जमीन सोडून पाण्यावर तरंगतो. तरंगता भाग वितळला तर समुद्र फारसा चढत नाही. पण उतारावर उभ्या बंडीच्या चाकाला आपण दगड लावतो ना, तसा तो भाग मागच्या बर्फाला लागलेला असतो. दगड झिजला की बंडी चालू लागते. थ्वेट्सचा सगळा बर्फ समुद्रात गेला, तर जगभरचा समुद्र सुमारे ६५ सेंटीमीटर चढेल, धाकट्याच्या कमरेला लागेल एवढा. आपण समुद्रापासून लांब आहोत खरे, पण तुमची मावशी मुंबईत राहते.

आता सांगा, हा दगड झिजवतो कोण? वरचं ऊन? नाही. तिथली हवा बहुतेक काळ शून्याखालीच असते. झिजवतं ते खालून आलेलं ऊन पाणी. किती ऊन? एक अंश.

"एक अंश?" दोघंही हसले. "आबाजी, एक अंशाला ऊन म्हणतात का?"

वणीत नाही म्हणत. पण समुद्राचं पाणी खारट असल्यामुळे ते गोठतं उणे १.९ अंशाला. आणि बर्फावर पाण्याचा दाब जितका जास्त, तितका तो आणखी कमी तापमानाला वितळतो. काहीशे मीटर खोलावर बर्फाला लागलेलं एक अंशाचं पाणी म्हणजे त्याच्या वितळण्याच्या तापमानाहून तीन अंश चढं. चुलीवरच्या पातेल्यासारखं नसलं, तरी ते रोज येत असतं, बारा महिने.

थोरलीच्या कपाळाला आठी पडली. "पण आबाजी, विहिरीत पोहतो तेव्हा वरचं पाणी कोमट लागतं अन् खालचं थंड. ऊन पाणी वर येते. मंग समुद्रात ते खाली कसं?"

शाबास! जा, काचेच्या ग्लासात माठाचं पाणी घेऊन ये. वाटीत कोमट पाणी घे, मूठभर मीठ विरघळव आणि शाईचे दोन थेंब टाक. आता चमच्याच्या पाठीवरून, ग्लासाच्या कडेने, हळूच सोड. घाई नको. दिसलं? निळं पाणी कोमट असूनही तळाशी जाऊन बसलं. मिठाने त्याला जड केलं. ध्रुवाजवळ असंच होतं. वरच्या पाण्यात वितळलेला बर्फ आणि पडलेलं हिम मिसळून ते कमी खारट, म्हणून हलकं, आणि थंडगार. दूरच्या उबदार समुद्रांकडून खोलातून आलेलं पाणी जास्त खारट, म्हणून खाली. वर गार झाकण, खाली ऊब. झाकण जागेवर असेपर्यंत बर्फाची झोपमोड फारशी होत नाही.

हे झाकण सरकवतो वारा.

भूगोलाच्या पुस्तकात 'गरजणारे चाळीस' वाचलंय ना? दक्षिणेला चाळीस ते साठ अक्षांशांच्या दरम्यान अडवायला जमीन जवळजवळ नाहीच, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे बेफाम सुटतात. १९८१ च्या ६ डिसेंबरला डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली, ती हेच वारे अंगावर घेत १९८२ च्या ९ जानेवारीला बर्फावर उतरली. आजही गोव्यात, वास्कोला, ध्रुवीय संशोधनाचं आपलं राष्ट्रीय केंद्र आहे आणि अंटार्क्टिकावर 'मैत्री' आणि 'भारती' ही आपली ठाणी आहेत.

तुम्हाला वाटेल, वारा पाण्याला सरळ पुढे ढकलतो. तसं नाही. रंगनाथस्वामीच्या जत्रेतला तो गोल फिरणारा घोड्यांचा पाळणा आठवा. तो घड्याळाच्या काट्यांसारखा फिरत असताना समोरच्या घोड्यावरच्या भावाकडे शेंगदाणा फेकला, तर तो त्याच्या हाती लागत नाही, तुमच्या डाव्या अंगाला निघून जातो. दक्षिण ध्रुवावरून पाहिलं तर पृथ्वी अशीच फिरते. म्हणून तिथे वारा पूर्वेकडे वाहिला की वरच्या थरातलं पाणी त्याच्या डाव्या हाताला, म्हणजे उत्तरेला सरकतं. अंटार्क्टिकापासून दूर. वरचं पाणी गेलं, जागा मोकळी झाली, ती भरायला खालचं ऊन पाणी वर चढतं. बर्फाच्या अगदी कडेने पूर्वेचे वारे वाहतात, ते उलट काम करतात. गार पाणी किनाऱ्याशी दाबून धरतात. त्यांचा जोर ओसरला आणि पश्चिमेचा वारा आत सरकला, की झाकण किलकिलं होतं.

उत्तर ध्रुवाकडे हीच गोष्ट उजव्या हाताने घडते. स्वालबार्ड बेटांवर कोंग्सफ्योर्ड नावाची खाडी आहे, तिच्या काठी २००८ पासून आपलं 'हिमाद्री' ठाणं आहे. २००५-०६ च्या हिवाळ्यात तिथे उत्तरेचा वारा किनारा धरून बरेच दिवस वाहिला. वरचं पाणी उजवीकडे, खुल्या समुद्राकडे गेलं आणि अटलांटिकचं उबदार पाणी खालून खाडीत शिरलं. हिवाळ्यात गोठणारी खाडी त्यानंतर बहुतेक मोकळीच राहू लागली. २०१४ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी तिथे १९२ मीटर खोलीवर 'इंडआर्क' नावाची दोरी सोडली. विहिरीत पोहरा सोडतात तशीच, फक्त पोहऱ्याऐवजी तिला पाण्याचं तापमान, मीठ आणि प्रवाह मोजणारी यंत्रं लटकवलेली.

थ्वेट्सच्या पोटातही माणसांनी डोकावून पाहिलंय. २०२० च्या जानेवारीत सुमारे सहाशे मीटर बर्फाला भोक पाडलं, तेही गरम पाण्याच्या धारेने, आणि त्यातून 'आइसफिन' नावाचा बारीक, लांबोळका रोबो खाली सोडला. त्याला काय दिसलं? जिथे बर्फाचा तळ सपाट, तिथे वितळलेल्या गार, गोड्या पाण्याचा थर बर्फाला पांघरुणासारखा चिकटलेला. तिथे झीज कमी. जिथे भेगा आणि उभ्या पायऱ्या, तिथे ऊन पाण्याला शिरकाव मिळाला आणि झीज जास्त. आपल्या कूलरच्या टाकीतलीच गोष्ट.

धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण समुद्राचा तळ तं वर-खाली असते. हे पाणी बर्फापर्यंत पोचते कोणत्या रस्त्यानं?"

हाच प्रश्न मला हवा होता. समुद्राच्या तळावर खोल नाले आहेत. भर समुद्रातून निघून थेट बर्फाच्या पायथ्याशी जाणारे, कित्येक किलोमीटर रुंद. जड ऊन पाणी त्यांच्यातूनच आत येतं. आणि हे नाले खणले कोणी, माहीत आहे? बर्फाने. फार पूर्वी हिमनद्या आजच्याहून कितीतरी पुढपर्यंत पसरल्या होत्या, तेव्हा पोटाला चिकटलेल्या दगडांनी तळ खरवडत गेल्या. स्वतःसाठी पाडलेली ती वाट, आज त्याच वाटेने ऊन पाणी येतं.

असं खरवडणं पाहायला अंटार्क्टिकाला जायची गरज नाही. कार्तिकात आपण वढ्याच्या संगमावर गेलो होतो ना? त्याच मुलखात पैनगंगेकाठी, चंद्रपूरच्या हद्दीत इरई गाव आहे. दीडशे वर्षांपूर्वी भूगर्भ खात्याच्या फ्रान्सिस फेडन यांना तिथे चुनखडीच्या खडकावर ओरखडे आढळले. समांतर, एकाच दिशेचे, सुताराने रंधा मारावा तसे. त्यांच्यावर गोट्या-धोंड्यांचा थर, त्यातल्या धोंड्यांवरही तसेच ओरखडे. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हा आपला भाग दक्षिण ध्रुवाजवळ होता आणि इथून हिमनदी सरकत गेली होती. तेव्हा अंटार्क्टिका आपल्याला चिकटूनच होती. त्या जोडखंडाचं नाव जगभर गोंडवन आहे, आपल्या या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं. बर्फ हटला, मग जंगलं वाढली, ती गाडली गेली आणि त्यांचा वणीचा कोळसा झाला.

तो बर्फ गेला तेव्हा पाहायला माणूस नव्हता. आत्ताचा जातोय तो आपण मोजतोय, दोरी सोडून, भोक पाडून. फरक एवढाच, पण तो लहान नाही.

बघा, खिडकीतल्या चिंधीवर आता नुसता ओला डाग उरलाय. दिवाळीनंतर नदीचं पाणी उतरलं की आपण इरईला जाऊ. पातळ कागद आणि शिसपेन्सिल बरोबर घ्या. ओरखडे असलेल्या खडकावर कागद ठेवून हलक्या हाताने घासलं की रेघा उमटतात. मग होकायंत्र धरून पाहू, आपल्या अंगणातला बर्फ कोणत्या दिशेने गेला ते.